साध्या सुखांचा आधार आणि मित्रांची माया

(निरगुडसर येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी तो लिहून काढला आहे.)



शिक्षक बोलायला उभा राहिला की तो कशावर बोलणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. अभ्यास, शिस्त, वेळेचे महत्त्व, मुलींचे शिक्षण. हे विषय मोलाचे आहेत आणि त्यांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. आज मी थोडा निराळा विषय घेतला आहे. माणसावर दुःख कोसळले, अपयश आले, तर त्याने दिवस कसा काढावा? या प्रश्नाचा पेपर कोणतेही बोर्ड काढत नाही. तरीही तो प्रत्येकाला एकदा ना एकदा सोडवावाच लागतो.

आपल्या आंबेगाव-जुन्नर भागातल्या घरांचाच विचार करा. कांदा काढून मंचरच्या बाजारात न्यावा आणि नेमका त्याच दिवशी भाव पडावा. ऊस चांगला यावा, पण त्या उसात बिबट्या असल्याच्या बातमीने संध्याकाळी पोरांना घराबाहेर सोडायची भीती वाटावी. कुणाच्या घरी कमावता माणूस अचानक जावा. कुणाचा मुलगा दहावीला नापास व्हावा आणि चार-चार दिवस घराबाहेर पडू नये. अशा वेळी आपण वडीलकीच्या नात्याने काय सांगतो? "सब्र कर", "मन घट्ट कर". सल्ला खोटा नाही. पण सब्र करायचा म्हणजे सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. तेच मला आज सांगायचे आहे. मी मोठा विद्वान नाही. म्हणून एका फार मोठ्या माणसाचे उदाहरण घेऊन सांगतो.

ते म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून त्यांचे नाव तुम्हाला माहीत आहे. ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळतो. विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवशी तुम्ही त्यांच्यावर भाषणे करता, त्यांत सन असतात, पदे असतात, भारतरत्न असते. आज मी त्यातले काही सांगणार नाही. मी सांगणार आहे ते तुरुंगातल्या आझादांविषयी.

हा तुरुंग आपल्यापासून फार दूर नाही. अहमदनगरचा भुईकोट किल्ला, म्हणजे आता ज्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे तिथला किल्ला. आपले आणि त्या शहराचे नाते जुने आहे. बहामनी सत्तेपासून वेगळे होऊन मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली ती आपल्या जुन्नरला. पुढे १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवले आणि राजधानी तिकडे नेली. चांदबिबीने मोगलांच्या फौजेला दाद दिली नाही ती याच किल्ल्यातून.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव मंजूर झाला. आझाद त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांना अटक झाली आणि गाडीने अहमदनगरला आणून किल्ल्यात ठेवण्यात आले. बरोबर पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव होते. आझाद धरून एकूण बारा जण. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. कधी सुटणार हे कोणालाच माहीत नव्हते. सुरुवातीला तर वर्तमानपत्रसुद्धा मिळत नव्हते. बाहेर देश पेटला होता आणि देशाचे पुढारी चार भिंतींत बसून होते. आझादांचे वय तेव्हा ५३ वर्षांचे होते आणि पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या.

अशा स्थितीत या माणसाने काय केले? त्यांनी आपल्या एका मित्राला पत्रे लिहिली. मित्राचे नाव मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी. अलीगढकडचे मोठे विद्वान गृहस्थ. नवाब सदर यार जंग ही त्यांची पदवी. गंमत अशी की ही पत्रे पाठवताच येत नव्हती. मित्राला पत्र लिहायची परवानगीच नव्हती. तरीही आझाद पहाटे उठून समोर मित्र बसला आहे अशा भावनेने लिहीत राहिले आणि कागद बाजूला ठेवत राहिले. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती पत्रे 'गुबारे खातिर' या नावाने पुस्तकरूपाने निघाली. मनात साठलेली धूळ, मनातली मळमळ, असा त्या नावाचा अर्थ. उर्दू गद्यात या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे. साहित्य अकादमीने मालिक राम यांच्याकडून संपादन करून घेऊन १९६७ मध्ये त्याची आवृत्ती काढली.

आता काँग्रेसच्या अध्यक्षाने तुरुंगातून लिहिलेली पत्रे म्हटल्यावर आपल्याला वाटेल, त्यांत राजकारण असणार. तसे नाही. त्यांत चहा आहे, बाग आहे, चिमण्या आहेत.

चहाचे पाहा. मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत. सगळे झोपलेले असत. त्या शांततेत ते स्वतःच्या हाताने चहा करीत. चमेलीचा वास असलेला चिनी चहा, दुधावाचून. तो लहान पेल्यातून सावकाश, घोट घोट घेत. त्या एका चहावर त्यांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. आपण जो दूध-साखर घालून उकळतो, तो त्यांच्या मते चहाच नव्हे. तो पातळ हलवा! आता आपल्याकडे आले आणि गवती चहा घालून उकळलेला चहा पिणाऱ्या मंडळींना हे पटणार नाही आणि पटायलाही नको. मुद्दा चहा कोणता हा नाही. ज्या माणसाच्या हातात आपल्या आयुष्यातले काहीच उरले नव्हते, त्याने दिवसातली एक गोष्ट आपल्या हातात ठेवली. ती मनापासून केली, नीट केली आणि तिचा आस्वाद घेतला. त्या एका पेल्याने त्याचा दिवस सुरू झाला. ज्याचा दिवस सुरू होतो, त्याचा दिवस पार पडण्याची आशा असते.

बागेचेही तसेच. किल्ल्यातले ते अंगण ओसाड होते. या पुढाऱ्यांनी ते खणायला घेतले. पंडित नेहरूंनी 'भारताचा शोध' हा ग्रंथ याच किल्ल्यात १९४४ मध्ये लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच ते सांगतात की आपण उन्हातसुद्धा तासन् तास खणत असतो, जमीन दगडगोट्यांची आहे आणि जुन्या इमारतींच्या ढिगाऱ्यांनी भरलेली आहे. आपल्यापैकी ज्यांनी माळरान फोडून शेत केले आहे त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको. तरी त्या जमिनीत वाफे झाले, फुले आली. फुलांनी तुरुंगाचे दार उघडले नाही. पण रोज सकाळी कालची कळी उमलली का हे पाहायला जायचे एक निमित्त मिळाले.

आणि चिमण्या! मार्च १९४३ मधल्या पत्रांत मौलानांनी चिमण्यांची हकीकत लिहिली आहे ती लहान मुलांनीही वाचावी अशी आहे. त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. त्या सारख्या काडीकचरा खाली टाकीत. मौलाना टापटिपीचे. त्यांनी बांबू घेऊन चिमण्यांशी लढाई सुरू केली. चिमण्या हटेनात. शेवटी देशाच्या पुढाऱ्याने चिमण्यांशी तह केला! मग दाणे टाकायला सुरुवात केली. आधी दूर, मग जवळ, मग आणखी जवळ, असे करता करता एक दिवस चिमण्या त्यांच्या तळहातावर बसून दाणे टिपू लागल्या. त्यांनी चिमण्यांना नावेसुद्धा ठेवली. एक मोती, एक मुल्ला, एक कलंदर. पिलू पहिल्यांदा कसे उडाले तेही त्यांनी बारकाईने लिहून ठेवले.

विद्यार्थी मित्रांनो, हा काही वेळ घालवण्याचा खेळ नव्हता. आझादांनी त्याच पत्रांत त्यामागचा विचार सांगितला आहे. त्याचा भावार्थ असा की सूर्य तुरुंगावर उगवायचे थांबत नाही आणि चांदणे कैदी कोण आणि मोकळा कोण हे पाहत नाही. मग माणसानेच आपले मन बंद का ठेवावे? आंद्रे जीद या फ्रेंच लेखकाचा आधार घेऊन ते पुढे सांगतात की आनंदी राहणे ही नुसती गरज नाही, ती एक नैतिक जबाबदारी आहे. कारण आपल्या चेहऱ्याची छाया शेजारच्याच्या चेहऱ्यावर पडते. घरातला एक माणूस आंबट तोंडाने बसला तर सगळ्या घराचा घास कडू होतो, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवणही अशीच आहे. आपल्या भावाला हसऱ्या चेहऱ्याने भेटणे हाही सदका आहे. ज्याच्या खिशात दमडी नाही तोसुद्धा हा सदका देऊ शकतो.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, "गुरुजी, चहा प्यायला, फुले पाहिली, चिमण्यांना दाणे टाकले की दुःख संपते का?" नाही, संपत नाही. हेच मला पुढे सांगायचे आहे आणि माझ्या आजच्या बोलण्याचा खरा मुद्दाही तोच आहे.

चिमण्यांची पत्रे लिहून महिना होण्याच्या आत, ९ एप्रिल १९४३ रोजी, जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. छत्तीस वर्षांचा संसार होता. ऑगस्ट १९४२ च्या सुरुवातीला मौलाना मुंबईला जायला निघाले तेव्हा त्या नेहमीप्रमाणे निरोप द्यायला दारापर्यंत आल्या होत्या. तीच शेवटची भेट ठरली. आपल्या आजाराचा घोर मौलानांना लागू नये म्हणून त्या पत्रांतून काही कळवीत नव्हत्या. आजार वाढल्याच्या तारा आल्या तेव्हा तुरुंगाच्या अधिकाऱ्याने विचारले, सरकारला काही कळवायचे आहे का? मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढतो आहोत त्याच्यापुढे स्वतःसाठी हात पसरायचा नाही, हा त्यांचा निश्चय होता. शेजारच्या खोलीतले नेहरूही त्याच विषयावर बोलायला त्यांच्याकडे आले. त्यांनाही मौलानांनी तेच उत्तर दिले.

त्या दिवसांत मौलानांनी आपला दिनक्रम मोडला नाही. वेळेवर जेवायला गेले, वेळेवर फिरले, बोलले. बघणाऱ्याला वाटावे, केवढे हे धैर्य! पण ११ एप्रिलच्या पत्रात त्यांनी मित्राला काय लिहिले? आता मागे वळून पाहता वाटते की वरवरची ही सगळी शांतता एक देखावा होती, मनातला अभिमान तो वठवत होता, आपली घालमेल कोणाला दिसू नये एवढ्यासाठी. त्यांनी हेही लिहिले की तिथल्या अंगणात एक जुनी कबर आहे, कोणाची ते ठाऊक नाही. रोज तिच्याजवळून जाणे होते. पण ही बातमी आल्यापासून त्या अनोळखी कबरीशी जणू नवी ओळख जडली आहे. संध्याकाळी ते पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

वाचकहो, हे पत्र तुम्ही स्वस्थ मनाने समजून घ्या. ज्यांच्यापुढे देशाने मान तुकवली, तो माणूस आपल्या मित्राला सांगतो आहे की मी दाखवत होतो तेवढा खंबीर नव्हतो. हे त्यांनी सभेत सांगितले नाही, अधिकाऱ्याला सांगितले नाही, जेवणाच्या टेबलावर बरोबरीच्या पुढाऱ्यांनाही सांगितले नाही. मित्राला सांगितले. तेही ज्या मित्रापर्यंत पत्र पोचणार नव्हते अशा मित्राला. मित्र नुसता मनात असला तरी त्याच्यापुढे खरे बोलता येते. मित्राचा हा केवढा उपकार!

म्हणून मी म्हणतो, दुःखाच्या दिवसांत माणसाला दोन गोष्टी लागतात. एक, दिवस चालू ठेवणारे एखादे साधे सुख. दुसरी, ज्याच्यापुढे सोंग करावे लागत नाही असा एखादा माणूस. पहिली असून दुसरी नसेल तर माणूस बाहेरून हसतो आणि आतून पोखरतो. दुसरी असून पहिली नसेल तर तो मित्रापुढे नुसता रडत बसतो, दिवस काही पुढे जात नाही. दोन्ही हव्यात.

सब्र म्हणजे दगडासारखा कोरडा चेहरा, अशी आपल्यात एक समजूत आहे. पुरुषाने रडू नये, मुलाने हुंदका काढू नये. पण प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. जवळच्या साथीदाराला आश्चर्य वाटले, तेव्हा त्यांनी सांगितले की ही तर दया आहे. हजरत खदीजा आणि चाचा अबू तालिब ज्या वर्षी गेले त्या वर्षाला आजही 'दुःखाचे वर्ष' म्हणून ओळखतात. दुःखाला दुःख म्हणणे हे सब्राच्या विरुद्ध नाही. पालकांनो, रडणाऱ्या मुलाला "बायकांसारखा रडतोस काय" असे म्हणू नका. त्याच्याजवळ बसा.

मित्राची माया म्हणजे फार मोठे काही करणे असेही नाही. मुताच्या लढाईत हजरत जाफर शहीद झाले तेव्हा प्रेषितांनी लोकांना सांगितले की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, त्यांच्यावर दुःखाचा प्रसंग आला आहे. भाषण करा असे सांगितले नाही, जेवण करा असे सांगितले. आपल्या गावांत ही रीत आजही आहे आणि ती कोणा एका धर्माची राहिलेली नाही. ज्या घरी मय्यत झाली तिथे चूल पेटत नाही आणि शेजारून पिठले-भाकरी येते. आणणारी बाई पाटलांच्या घरची असो की शेखांच्या, ती टोपली ठेवते, पाण्याचा तांब्या भरून ठेवते आणि दोन घास खाल्ल्याशिवाय उठत नाही. ईदला आपल्याकडून शिरखुर्मा जातो, होळीला तिकडून पुरणपोळी येते, ही देवघेव आनंदाची. पण दुःखाच्या दिवशी येणारी भाकरी हीच नात्याची खरी परीक्षा. ही रीत आपल्या वाडवडिलांनी कमावलेली दौलत आहे. ती आपल्या हातून मोडू देऊ नका.

मैत्रीला मताचे कुंपण नसते, हेही आझादांच्या उदाहरणातून दिसते. शेरवानी साहेब राजकारणातले सोबती नव्हते. त्यांची वाट वेगळी, आझादांची वेगळी. स्नेह होता तो पुस्तकांचा, कवितेचा आणि मनाचा. किल्ल्यातल्या बारा जणांतही कोणी मौलवी, कोणी समाजवादी, कोणी वकील, कोणी गांधीजींचा कट्टर अनुयायी. भाषा वेगळ्या, खाणे वेगळे, मते तर फारच वेगळी. तरी नेहरूंनी आपला ग्रंथ अर्पण केला तो या तुरुंगातल्या सोबत्यांना. आज माणसे मोबाइलवरच्या एका संदेशावरून जन्माची मैत्री तोडतात. त्यांनी ही अर्पणपत्रिका आठवावी.

आता विद्यार्थ्यांना दोन शब्द. तुमच्यातला एखादा यंदा नापास झाला असेल. निकालाच्या दिवशी पास झालेल्यांच्या घरी पेढे वाटले जातात आणि त्याच्या दाराकडे कोणी फिरकत नाही. तुम्ही जा. "कसे काय राहिले रे?" असे विचारू नका. "चल, विहिरीवर जाऊ", "चल, क्रिकेटला गडी कमी आहे" एवढे म्हणा. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायला त्याच्याबरोबर जा. तुमची वही त्याला द्या. जो मित्र पेढ्याच्या दिवशी येतो तो चांगलाच, पण जो नापासाच्या दिवशी येतो तो आयुष्यभर विसरला जात नाही. मुलींनो, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीची शाळा सुटली असेल, तर तिला विसरू नका. संध्याकाळी तिच्या ओट्यावर अर्धा तास बसा, वर्गात काय चालले आहे ते सांगा. पुष्कळ वेळा अशा अर्ध्या तासामुळेच पुन्हा शाळेत येण्याची इच्छा टिकून राहते.

आणि स्वतःसाठी एखादे साधे सुख आतापासून कमावून ठेवा. ते पैशाने मिळणारे नसावे, दुसऱ्याच्या परवानगीवर अवलंबून नसावे. कोणी परसात चार रोपे लावावीत. कोणी चांगले अक्षर काढावे, कोणी नात गावी, कोणी चित्र काढावे. कोणी फज्रच्या नमाजानंतर कालव्याच्या कडेने फिरून यावे. कोणी उन्हाळ्यात अंगणात पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवावे. आझादांनी चहा आणि चिमण्यांचा छंद तुरुंगात गेल्यावर शोधून काढला असे नाही. पहाटे उठण्याची, बारकाईने पाहण्याची, मन लावून करण्याची सवय त्यांना आधीपासून होती. ती सवय वाईट दिवसांत उपयोगी पडली. विहीर तहान लागल्यावर खणायची नसते.

पालकांनो, आता थोडे तुमच्याशी. मुलगा मित्रात रमला की आपण म्हणतो, वेळ वाया घालवतो. संगत पाहा, जरूर पाहा. पण मैत्रीच तोडू नका. तुमचा मुलगा उद्या नोकरीसाठी चाकण-भोसरीला जाईल, मुंबईला जाईल, परदेशी जाईल. तिथे त्याच्या उशाशी तुम्ही नसणार, मित्र असेल. मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या तर त्यांना चहा करून द्या. आणि घरातल्या बाईच्या विसाव्याचा विचार करा. पहाटे तिची चूल पेटते ती रात्री विझते. दुपारी ती शेजारणीकडे घटकाभर बसली तर त्याला चकाट्या पिटणे म्हणू नका. तिच्या मनातली धूळ झटकण्याची तीच एक जागा असते.

एक गोष्ट मात्र मी स्पष्टपणे सांगतो. काही दुःखे चहाने आणि गप्पांनी हलकी होत नाहीत. मुलगा रात्र रात्र झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा करीत असेल, तर नजर लागली, हट्टीपणा आहे, असे म्हणून थांबू नका. डॉक्टरकडे न्या. ताप आला तर नेतो, तसेच. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. आपल्या भाषेत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. हा क्रमांक प्रत्येकाने लिहून घ्यावा. मित्र बोलावा तसा डॉक्टरही वेळेवर बोलावावा. त्यात कमीपणा नाही.

शेवटी मौलानांची गोष्ट पुरी करतो. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना अहमदनगरहून बंगालमधल्या बांकुड्याला हलवले आणि जूनमध्ये सुटका झाली. प्रकृती खालावली होती. कलकत्त्यात स्वागताला अफाट गर्दी लोटली. मोटार हारांनी भरून गेली. हावड्याचा पूल ओलांडताना त्यांना तीन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला, दारापर्यंत निरोप द्यायला आलेली पत्नी आठवली. त्यांनी बरोबरच्या मंडळींना सांगितले, घरी जाण्याआधी कबरस्तानाकडे चला. मोटारीतल्या हारांपैकी एक हार उचलून त्यांनी पत्नीच्या कबरीवर ठेवला आणि मुकाट्याने फातिहा पढली.

दोन वर्षे उलटली होती, पण दुःख गेले नव्हते. तरी मधल्या काळात माणूस मोडला नाही. पुढे तो देशाचा शिक्षणमंत्री झाला आणि अकरा वर्षे, २२ फेब्रुवारी १९५८ रोजी डोळे मिटेपर्यंत, ते काम करीत राहिला. तुमच्या-आमच्या मुलांच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत तो होता. त्याला तीन वर्षे कोणी सांभाळले? पहाटेच्या एका पेल्याने, वाफ्यातल्या फुलांनी, तळहातावर येऊन बसणाऱ्या चिमण्यांनी आणि दूर अलीगढकडे असलेल्या एका मित्राच्या आठवणीने. ही सामग्री निरगुडसरच्या गरिबातल्या गरीब घरातही मिळू शकते. नसेल तर फक्त मित्र नसेल. तो तुम्ही व्हा.

संस्थेला माझी एक विनंती आहे. शाळेची पुढची सहल योग्य ती परवानगी काढून अहिल्यानगरच्या किल्ल्यात न्यावी. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण पुढाऱ्यांना ठेवले होते त्या खोल्या जतन केलेल्या आहेत. मुलांनी त्या पाहाव्यात आणि बाहेर अंगणात चिमण्या दिसतात का तेही पाहावे.

 अल्लाह आपणा सर्वांना सब्र देवो, आणि सब्राच्या वाटेवर सोबत करणारा मित्रही देवो. आमीन.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.